पेन ड्राइव्हला लोकरीच्या गाठी

लॅपटॉप चालू झाला हे सोनमला पंख्याच्या घरघरीवरून कळलं, पण लॅपटॉप बोलला नाही.

एरवी आधी पंखा घरघरायचा आणि घटकाभरानं तो चिरका, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज यायचा. पडद्यावर जे काही असेल ते वाचून दाखवणारा आवाज. मायाक्काला, म्हणजे सोनमच्या आईला, त्यातलं एक अक्षर कळत नसे, तरी ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "उठला का गं तुजा मास्तर?" आज मास्तर उठलाच नाही. सोनमनं आवाज वाढवायची बटणं दाबली. मशीन बंद केलं, चालू केलं. पंखा फिरला आणि बस्स.

सोनमला दिसत नाही. पाच वर्षांची असताना दिसायचं बंद झालं, त्यामुळे मेंढरांची तोंडं, बापाचं पागोटं आणि लाल रंग एवढं तिच्यापाशी शिल्लक आहे. बाकी सगळं जग तिला आवाजानं आणि बोटांनी कळतं, आणि कॉम्प्युटर तर नुसत्या आवाजानं. पडदा काळा असो की सोन्याचा, तिला काय त्याचं. पण मुका कॉम्प्युटर म्हणजे तिच्या लेखी पाटा. त्यावर चटणी वाटावी.

आणि नेमकी आज बाराला तिची परीक्षा होती. पुण्याची एक कंपनी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचं काम करायची, घरी बसून. आधीच्या दोन चाळण्या सोनमनं पार केल्या होत्या. ही शेवटची. अट अशी, की उमेदवारानं आपल्याच मशीनवर, आपल्याच हातानं काम करून दाखवायचं, खोलीत दुसरं कुणी नको. एकदाच. वेळ चुकली की नाव गेलं.

हे सगळं नोकरीपुरतंच असतं तर तिला एवढी धास्ती वाटली नसती. दिवाळीनंतर तिच्या भावाचं, अजिनाथचं लग्न होतं. सोलापुरातल्या या दोन पत्र्याच्या खोल्या त्याच्या संसाराला लागणार. मायाक्का सांगोल्याकडं गावी परतणार, भिमाच्या, म्हणजे नवऱ्याच्या मेंढरांमागं. आणि सोनम? "तिला न्हेतू की संगं. एकटी हितं काय करंल?" असं एका जेवणात ठरून गेलं होतं. वाढणारी वाढत होती, जेवणारे जेवत होते, सोनमही तिथंच भाकरी मोडत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. वाईट कुणीच नव्हतं त्या घरात, हीच तर पंचाईत. नोकरी लागली तर तिची मैत्रीण आरोही हिच्या खोलीत ती राहणार होती, स्वतःच्या पैशानं. नाही लागली तर माळरान. तिथं फोनला रेंज यायला टेकडीवर चढावं लागतं.

तिनं अजिनाथला फोन लावला. तो नव्या पेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि सकाळीच मोटारसायकलवरून वळसंगला एका सोसायटीचं मशीन बघायला गेला होता. दोनदा नुसतीच रिंग गेली. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. कुंभारीत चहाला थांबला होता.

"दादा, काल माज्या मशीनला काय केलंस?"

"कळलं व्हय? लई भारी केलंय!" अजिनाथचा आवाज खुलला. "पडद्यावरची सगळी मांडणी, तुजा जुना डेस्कटॉप, लई जड हुता गं. हलका टाकला. मग मशीनच म्हणालं, आता ह्ये ह्ये लागत न्हाय, काढू का? म्हटलं काढ. कसलं पळतंय बघ आता!"

"त्यात माजा आवाज गेला."

"आँ?"

"बोलणारं पॅकेज गेलं, दादा. मशीन बोलत न्हाय. बाराला परीक्षा हाय."

पलीकडं कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "पण मी... जे लागत न्हाय तेवढंच काढलं की," अजिनाथ म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज लहान होत गेला. "मी येतू. आत्ता फिरतू. तू कशाला हात लावू नगंस." फोन तुटला.

हात लावू नकोस म्हणे! सोनमला हसावं की रडावं कळेना. रागही आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं. कारण अजिनाथनं काल रात्री केलेलं सगळं तिच्यासाठीच केलं होतं. परीक्षेसाठी टेबल पुसलं, कानात घालायचे बिनवायरीचे महागाचे हेडफोन आणले, नवी पिशवी आणली. साफसफाई म्हणजे त्याचा जीव की प्राण. दुकानातही त्याचं टेबल आरशासारखं.

पण काय झालंय ते तिला आता लख्ख कळलं होतं.

सहा वर्षांपूर्वी अजिनाथनं दुकानातला एक भंगारात निघालेला लॅपटॉप घरी आणला होता, आणि बहीणभावंडांनी मिळून त्यावर मशीन चालवणाऱ्या मूळ सिस्टिम एकामागून एक घालून पाहिल्या होत्या. सगळ्या फुकटच्या. सगळ्या युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टिमच्या एकाच चालीवर चालणाऱ्या, आतली अक्कल थोड्याफार फरकानं सारखीच. फरक होता तो कोण कसं बांधून देतं त्यात. बीएसडी नावाची एक होती. तिचा पाया, भिंती, दारं सगळं एकाच गवंड्यानं बांधल्यासारखं एकजीव, आणि वरचं सामान मात्र ज्यानं त्यानं वेगळं मागवायचं. एक अगदी चिमुकली होती, जुन्या मशीनसाठी. पिशवीत मावेल तेवढंच घेऊन निघालेली. दुकानात म्हाताऱ्या लॅपटॉपांना अजिनाथ हीच घालायचा. आणि एक डेबियन. जगभरच्या हौशी माणसांनी बांधलेली हजारो गाठोडी, म्हणजेच पॅकेजं, आणि प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी: माझ्याबरोबर हे लागतंच, हे असलं तर बरं, हे वाटलं तर घ्या. शिवाय कुठलं गाठोडं माणसानं मागून घेतलं आणि कुठलं दुसऱ्याच्या संगतीनं आपोआप आलं, हेही ती लक्षात ठेवायची.

त्या दिवसांत अजिनाथ पडद्यावरचं वाचून दाखवायचा आणि सोनम ऐकायची. डेबियनचा पेन ड्राइव्ह लावला तेव्हा त्यानं वाचायला तोंड उघडायच्या आत मशीननंच दोन बारीक टोले दिले होते. टोले ऐकू आले की एस दाबायचं आणि एंटर. मग ती बोलू लागते. सिस्टिम घालायच्या पहिल्या पायरीपासून, कुणा डोळस माणसाची गरज न पडता. कुणीतरी, कुठंतरी, सोनमसारख्या माणसाचा विचार करून ते टोले घातले होते. सोनम त्या दिवशी रडली होती, आणि मग अजिनाथला बाजूला सारून तिनं उरलेलं सगळं स्वतः केलं होतं.

आता गोम अशी होती, की तो आवाज तिच्या मशीनवर आला होता जुन्या डेस्कटॉपच्या संगतीनं. अजिनाथनं डेस्कटॉप काढला, आवाज एकटा पडला. न मागता आलेला, ज्याच्याबरोबर आला तो निघून गेलेला. मशीननं हिशेब मांडला, हा कुणाला लागत नाही, आणि अजिनाथनं मान डोलावली.

"आई, हिकडं ये. पडद्यावर काय दिसतंय?"

मायाक्का पदराला हात पुसत आली. "निळं हाय. डोंगराचं चित्तर हाय. लई ग्वाड हाय."

फोनच्या कॅमेऱ्यानं वाचून दाखवणारी सोयही सोनमनं आधीच करून पाहिली होती. फोन म्हणाला होता, 'डोंगर, आकाश, बहुधा खिडकी.' गल्लीतली इंग्रजी वाचणारी पोरं कॉलेजला गेलेली. सोनमनं तीन बटणं एकदम दाबून काळा पडदा आणला.

"आता?"

"काळं झालं. पांढरी अक्षरं. आन एक काडी उघडझाप करतीया."

सोनमनं आपलं नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला, आणि आवाजाचं पॅकेज पुन्हा घालायची कमांड दिली. सगळं अंधारात दगड मारल्यासारखं. आपण काय दिलं ते तिला माहीत. मशीननं उलट काय म्हटलं ते कळायला मार्ग नाही.

"लेंड्या पडल्यावानी अक्षरं पडली, अन थांबली," मायाक्का म्हणाली.

थांबली म्हणजे नन्नाचा पाढा. आवाज एकटाच गेला नव्हता. वायफाय जोडणारं पॅकेजही डेस्कटॉपच्या संगतीनं आलेलं, तेही गेलं असणार. मशीन जगापासून तुटलेलं. बाहेरून काही आणणं शक्य नाही. म्हणजे उरला तो पेन ड्राइव्ह. डेबियनचा तिचा पेन ड्राइव्ह मोठा होता, अख्खा बाजार पोटात घेऊन बसलेला. त्याला इंटरनेट लागत नव्हतं. त्यावरून मशीन चालू करायचं, टोले ऐकायचे, बोलत्या सिस्टिममधून आपल्या आजारी सिस्टिममध्ये शिरायचं आणि दोन्ही पॅकेजं आतून बसवायची. जमणारं काम होतं.

तिनं खणातला डबा काढला. तीन पेन ड्राइव्ह. तिची बोटं त्यावरून फिरली आणि जागीच थांबली.

गाठी नव्हत्या.

मेंढरांच्या कळपात आपलं कोकरू ओळखू यावं म्हणून धनगर खूण करतो. मायाक्कानं तिच्या रीतीनं पोरीच्या पेन ड्राइव्हांना खूण केली होती: काळ्या लोकरीचा दोरा आणि त्याला गाठी. एक गाठ बीएसडी, दोन गाठी ती चिमुकली, तीन गाठी डेबियन. तिन्ही पेन ड्राइव्ह दुकानातून एकाच खोक्यातून आलेले, अंगानं हुबेहूब. आणि आता तिन्ही गुळगुळीत, धुतल्या तांदळासारखे.

"आई, लोकर कुटं गेली?"

मायाक्कानं पदर सावरला. "अजिनाथ काल म्हणला, कंपनीवाल्यांला कॅमेऱ्यात असली मळकी दोरी दिसली तर काय म्हणतील. त्यानं कापली." आणि मग घाईनं, "त्यो जुना वायरीचा कानातला बी टाकला त्यानं. नवा आणलाय म्हणला की."

साडेदहा वाजून गेले होते. तिनं हाताला लागला तो पहिला पेन ड्राइव्ह खुपसला आणि मशीन चालू केलं. कान टवकारले. टोले आले नाहीत.

"दिसतंय का काय?"

"हां. अक्षरांचंच कायतरी काढलंय. गोल हाय. लाल." मायाक्का वाकली. "आन वर दोन शिंगं हायत गं! बोकडावानी."

गोलाला शिंगं म्हणजे बीएसडी. त्या लोकांची निशाणीच ती. ही सिस्टिम भक्कम, तिच्यात खोट काढायला जागा नाही, पण ती सोनमशी बोलणार नव्हती आणि तिच्या पोटात डेबियनची गाठोडीही नव्हती. सोनमनं बटण दाबून धरलं. मशीन बंद. दुसरा पेन ड्राइव्ह.

यावेळी मशीन बराच वेळ कुरकुरलं. पंखा वाढला. टोले नाहीत, नाहीत, आणि मग अचानक स्पीकरमधून 'भुक् भुक्' असा आवाज आला.

"कुत्रं शिरलं का गं घरात?" मायाक्का दाराकडं धावली.

"न्हाय आई, मशीन भुंकलं." एरवी सोनम पोट धरून हसली असती. त्या चिमुकलीची ती रीतच होती, जागी झाली की भुंकायची. बंद. तिसरा.

तिसरा डेबियनच असणार, दुसरं काय असणार. तरीही तिचं मन खात होतं. अजिनाथनं साफसफाईच्या भरात हाही पुसून कोरा केला असेल तर? तिनं बटण दाबलं आणि टेबलाची कड धरून बसली.

टुक्. टुक्.

सोनमनं एस दाबलं, एंटर दाबलं. पंखा, मग शांतता, मग तो चिरका आवाज. जगात त्याहून गोड आवाज तिनं ऐकला नव्हता. "उठला मास्तर," मायाक्का पुटपुटली.

आवाज पर्याय वाचू लागला, आकड्यांसकट. आकडा टाइप करायचा, एंटर दाबायचं. सोनमला नवी सिस्टिम घालायची नव्हती. मागं जाऊन मुख्य यादी गाठायची, तिथून नुसता कमांड द्यायचा पडदा उघडायचा. त्याच यादीत डिस्क पुसून नव्यानं आखायचा पर्यायही होता. तिथं चुकून शिरलं, तर तिची सहा वर्षांची सगळी कामं, अभ्यास, परीक्षेसाठी कंपनीनं दिलेल्या सर्व्हरच्या किल्ल्या, सगळं धुऊन निघालं असतं. पुसू का, असं मशीन विचारतं खरं; पण विचारलेलं ऐकू तर आलं पाहिजे.

आणि त्याच वेळी गल्लीत आरोळी उठली. "पाणी आलंऽऽ!"

सोलापुरात ही आरोळी ऐकून मेलेला माणूसही हंडा शोधायला उठेल. चार-पाच दिवसांनी एकदा पाणी, तेही किती वेळ टिकेल याचा नेम नाही. घराघरांतून पावलं धावली आणि नळाचं पाणी ओढायची एकेक मोटर सुरू झाली. भिंतीपलीकडच्या शेजारणीची, रत्नम्माची मोटर तर अशी की ताटल्या थरथरतात. त्या गोंगाटात मशीनचा आवाज पार बुडाला. सोनमनं लॅपटॉपला कान लावला. आकडे येत होते, जात होते, तीन की चार कळत नव्हतं. नवे हेडफोन बिनवायरीचे. ही सिस्टिम त्यांना ओळखत नव्हती. वायरीचा जुना कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेला होता.

तिनं बोटं बटणांवरून उचलली आणि मांडीवर ठेवली. रडू आवरेना. "आई, मला ऐकू येत न्हाय गं. कायबी ऐकू येत न्हाय."

मायाक्का हातात कळशी घेऊन दारात उभी होती. घरात पिण्याचं पाणी तळाला गेलेलं. तिनं पोरीकडं पाहिलं, कळशी उंबऱ्यात ठेवली आणि अनवाणीच बाहेर पडली.

सोनमला पुढचं सगळं भिंतीआडून ऐकू आलं, तुटक तुटक. आधी रत्नम्माचा कानडी पट्टा सुटला: "तली केट्टैतेन निंदू?" डोकं फिरलंय का तुझं! पाण्याच्या दिवशी मोटर बंद करा म्हणणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. मायाक्काचा आवाज वर चढला नाही. ती एवढंच म्हणत राहिली, "पोरीला ऐकू येत न्हाय, अव्वा. तिला डोळं न्हाईत, आन आता ऐकू बी येत न्हाय. थोडा येळ. पाया पडते."

रत्नम्मानं आणखी दोन शिव्या घातल्या. मग खटका पडला. भिंतीची थरथर थांबली.

त्यानंतर रत्नम्माचाच आवाज गल्लीत पुढं पुढं जात राहिला, दारोदार, मायाक्काच्या वरताण. कुणी कुरकुरलं, कुणी विचारलं कशासाठी, आणि तिनं काय उत्तर दिलं देव जाणे. पण एकेक मोटर गप्प होत गेली. शेवटची राहिली टोकाच्या घरातल्या वीरभद्रप्पांची. म्हातारा गिरणीत आयुष्य काढून निम्मा बहिरा झालेला. त्याला सांगून कळेना तेव्हा रत्नम्मानं स्वतःच आत शिरून त्याचा खटका पाडला असावा.

गल्ली शांत झाली. पाण्याच्या दिवशी, नळ वाहत असताना. सोनमला तोटीखाली कुणाची तरी बादली भरल्याचा बारीक आवाजही आता ऐकू येत होता. रडायला वेळ नव्हता.

तिनं मशीनला पुन्हा वाचायला लावलं. एक, दोन, तीन. एकेक आकडा तिनं ओठांनी म्हणून पाहिला आणि मगच दाबला. डिस्क आखायचा पर्याय आला आणि गेला. कमांडचा पडदा उघडला. तिनं आपली डिस्क शोधून जोडली, आत शिरली. आपलंच घर, पण दिवे गेलेलं. पेन ड्राइव्हच्या बाजारातून आधी आवाज मागवला, मग वायफाय. 'मांडतो आहे,' 'मांडलं,' असं मशीन सांगत गेलं, आणि प्रत्येक ओळीला तिच्या छातीतलं ओझं थोडं थोडं उतरत गेलं.

मग ती उठणार होती, पण पुन्हा बसली. एक कमांड उरली होती. या दोन पॅकेजांपुढं तिनं लिहून ठेवलं, की ही आपोआप आलेली नाहीत. माणसानं मागून घेतली आहेत. आता कुणीही किती साफसफाई केली तरी मशीन यांना पाहुणे समजून बाहेर काढणार नव्हतं.

पेन ड्राइव्ह काढून तिनं मशीन पुन्हा चालू केलं. पंखा. शांतता. आणि मास्तर बोलला.

"सुरू करा मोटरा!" मायाक्का गल्लीत ओरडली.

मोटरा सुरू व्हायला आणि अजिनाथची मोटारसायकल दारात थांबायला एकच गाठ पडली. तो धापा टाकत आत आला, बूट न काढताच टेबलापाशी पोचला आणि त्याचे हात थेट बटणांवर आले. "सर, सर बाजूला. मी बघतू. अजून येळ हाय."

"दादा, हात काढ."

"अगं पण..."

"झालंय. बोलतंय."

मशीन बोलतच होतं, सोनमच्या सवयीच्या वेगानं, म्हणजे डोळस माणसाला नुसती चिवचिव वाटावी अशा. अजिनाथनं हात काढले. मग तो म्हणाला, "मी हितंच बसतू. कॅमेऱ्यात दिसणार न्हाय असा. काय अडलं तर..."

"न्हाय."

"मदत म्हणून गं."

"ठावं हाय मला," सोनम म्हणाली. ती रागावलेली नव्हती; राग मोटरांबरोबरच कुठंतरी थांबला होता. "पाणी भर जा. आईनं माज्यापायी एक कळशी भरली न्हाय. नळ जायच्या आत भर."

तो गेला. दार तिनं आतून लावलं. मोटरांची घरघर होतीच, पण आता तिच्या मशीननं नवे हेडफोन ओळखले होते, आणि त्यातून मास्तरचा आवाज थेट कानात येत होता. ते हेडफोन फार चांगले होते, हेही खरं.

बाराला कंपनीचे कुमार सर पडद्यावर आले. माणूस बोलण्यात मऊ, कामात कडक. त्यांनी तिला दोन सर्व्हर दिले, एक डेबियनच्या रीतीचा, एक दुसऱ्या घराण्याचा, आणि काय बिघडलंय ते शोधायला सांगितलं. सोनमनं शोधलं. एकात चूक झाली, ती तिनं सांगून सुधारली. मग त्यांनी तोंडी प्रश्न घेतले. पॅकेजं कोण कसं बांधतं, कुणाची रीत कशी वेगळी, हे तिनं बोलता बोलता सांगितलं. मोटरा एव्हाना थांबल्या होत्या. नळ गेला असावा.

"समजा, ग्राहकाचा सर्व्हर भरत आलाय," कुमार सर म्हणाले. "नको असलेली पॅकेजं काढायची आहेत. कुठलं पॅकेज नको असलेलं, ते तुम्ही कसं ठरवाल?"

उत्तराची कमांड सोनमला पाठ होती. तिनं ती सांगितली. मग थांबली.

"पण सर, तेवढ्यावर ठरवणार नाही," ती म्हणाली. "कुणाच्या संगतीनं कोण आलं, एवढंच मशीनला माहीत असतं. कुणाचं कशावाचून अडतं, ते त्याला माहीत नसतं. ज्याचं मशीन आहे, त्याला आधी विचारणार."

खिडकीबाहेर कुणीतरी हंडा खाली टेकवला. भरलेला हंडा होता, पाणी हिंदकळल्याचं ऐकू आलं. मग पाऊल उचललं गेलं नाही.

"बरोबर," कुमार सर म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले. संपताना त्यांनी इतकंच सांगितलं, की कागदपत्रं सोमवारी मेलवर येतील आणि एक तारखेपासून रुजू व्हायची तयारी ठेवा.

सोनमनं हेडफोन काढले. तिनं दार उघडलं. मायाक्काला तोंडानं सांगायची गरज पडली नाही. तिनं पोरीचं तोंड पाहिलं आणि दोन्ही हातांनी कुरवाळून कानशिलावर बोटं मोडली.

अजिनाथ उंबऱ्यावर बसला होता. त्याच्या कपड्यांना वळसंगच्या वाटेवरची धूळ आणि पाण्याचा ओलावा दोन्हीचा वास येत होता. त्यानं बहिणीचा हात धरून खाली बसवलं आणि तिच्या तळहातावर एकेक करून तीन वस्तू ठेवल्या. तीन पेन ड्राइव्ह, गुळगुळीत. त्यांच्यावर त्यानं काळ्या लोकरीचा एक लांब दोरा ठेवला. आईच्या घोंगडीच्या काठातून उपसलेला असावा, अजून वळ्या पडलेला होता.

"मी बांधणार हुतो," तो म्हणाला. "म्हटलं, आदी इचारावं. कुटल्याला किती गाठी, तूच सांग."